तिसऱ्या रविवारची हरकत

मे महिन्यातही कोट घालून उपासनेला येणारा माणूस गावात एकच. सॅम्युएल अमोलिक सर. देवळाली प्रवरेच्या अलीकडे, कालव्याकाठी त्यांचं गाव. तिथल्या शाळेचे ते बावीस वर्षं हेडमास्तर होते. रिटायर झाले, शाळा गेली, पण चर्चच्या सेक्रेटरीची खुर्ची मिळाली, आणि ती त्यांनी शाळेसारखीच चालवली. वेळेवर, मोठ्या आवाजात, कोणाचं काही ऐकून न घेता.

पाळकसाहेबांकडे तीन गावं होती, त्यामुळे रविवारच्या सूचना वाचायचं काम त्यांनी सरांवर सोपवलं होतं. उपासना संपत आली की सर उठायचे, कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढायचे आणि वाचायचे. महिला मंडळाची सभा, तरुणांची सहल, आजाऱ्यांची नावं. लग्नाची सूचनाही त्यातच. रीत अशी, की मंडळीतल्या कोणाचं लग्न ठरलं की तीन रविवार ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, आणि दर वेळी विचारायचं, 'या विवाहास कोणाची रास्त हरकत असल्यास त्यांनी ती आता सांगावी.' मग जरा थांबायचं. तिन्ही रविवार कोणी बोललं नाही की वाट मोकळी. हरकत आली, तर तिचा निकाल लागेपर्यंत पाळक लग्न लावत नाहीत. सरांनी अशी चाळीसेक लग्नं तरी वाचली असतील. थांबायचं म्हणजे किती, तर सर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचे आणि पुढच्या सूचनेकडे वळायचे.

मेच्या पहिल्या रविवारी मात्र ते पाचावर थांबले नाहीत.

आराधना सॅम्युएल अमोलिक हिचा विवाह जॉय पीटर देठे याच्याशी ठरला आहे, असं त्यांनी वाचलं. स्वतःच्या लेकीचं नाव वाचतानाही आवाज खणखणीत. हरकत विचारली आणि मोजत राहिले. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. वर पंखे घरघरत होते. कोणाचं तरी लेकरू रडलं. पुढच्या बाकावरची म्हातारी छबूबाई खोकली. तिसऱ्या बाकावर पीटर देठे, नवऱ्या मुलाचा बाप, छताकडे बघत बसला होता. शेवटी पाळकसाहेबांनी घसा साफ केला तेव्हा कुठे सरांनी कागद उलटला.

लोक म्हणाले, एकुलती एक लेक, सर गहिवरले. लोकांचं काय चुकलं? माणसाच्या पोटात काय चाललंय ते कोटावरून कळत नाही. सरांच्या पोटात चाललं होतं ते एवढंच, की कोणीतरी उठा रे. कोणीतरी उठा आणि हरकत घ्या, म्हणजे ती मला घ्यायला नको.

सर आणि पीटर शाळेत एका बाकावर बसलेले. सर शिकून मास्तर झाले, पीटर नापास होऊन टेम्पोचा ड्रायव्हर झाला आणि पुढे मालक. चाळीस-पन्नास वर्षं दोघांनी एकमेकांच्या घरात न विचारता पाणी घेतलं. सरांची बायको दया तीन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात गेली, तेव्हा दफनभूमीकडे जायला धड रस्ता नव्हता, काळ्या मातीचा नुसता गाळ. गाडी डांबरीवरच अडली. सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली. अर्ध्या वाटेत पुढचा एक जण घसरला, पेटी कलंडली, आणि पीटरने एक गुडघा दगडावर टेकून ती पाठीवर तोलून धरली. तो गुडघा त्याचा अजून नीट वाकत नाही.

पुढे दीड वर्षाने तिथे काँक्रीटचा रस्ता व्हायला लागला. तो मंजूर करून आणणाऱ्या पुढाऱ्याला सगळे आप्पा म्हणतात. त्याच सुमाराला निवडणूक आली. आप्पा उभे राहिले आणि पीटर त्यांच्या प्रचारात, तर सर समोरच्या वकीलसाहेबांच्या. इथवर काही बिघडलं नव्हतं. गावात भाऊ भावाविरुद्ध प्रचार करतो आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवतो. बिघडलं ते आप्पांच्या शेवटच्या सभेत. ख्रिस्ती वस्तीची मतं वकिलाकडे चाललीत, असं कोणीतरी त्यांच्या कानाला लागलं, आणि आप्पा माईकवरून म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात दुधाच्या पावडरीवर देव बदललेली माणसं ही! ह्यांचा भाव आम्हाला माहीत आहे." सभा खो खो हसली. आणि स्टेजवर तिसऱ्या खुर्चीत, डोक्याला गुलाबी फेटा बांधून पीटर देठे बसलेला. तो हसला नाही. पण उठलाही नाही.

सभेचा व्हिडिओ दिवस मावळायच्या आत गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरला. सरांनी तो सात वेळा पाहिला. पुढच्या वेळी तरी पीटर उठेल, असं वाटत असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटर घरी आला तेव्हा सरांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "ज्याला स्वाभिमान विकायचाय त्याने तो बाजारात न्यावा. माझ्या ओट्यावर दुकान मांडू नये." पीटरने तोंड उघडलं, मिटलं, आणि आल्या पावली परत गेला. निवडणूक आप्पा जिंकले. ह्या सगळ्याला आता दीड वर्ष झालं होतं.

आता खरं सांगायला हरकत नाही, की त्या दीड वर्षात सरांना एक सुख लागलं होतं. सकाळी डोळे उघडायचे आणि आपण निदान एका माणसापेक्षा तरी चांगले आहोत, हे आयतं ठाऊक असायचं. त्यासाठी काही करावं लागत नाही. नुसतं न बोलून भागतं.

सरांनी तर रस्ताही वर्ज्य केला. दर शनिवारी ते दयाच्या कबरीवर फुलं ठेवायला जात. आप्पांच्या नावाच्या पाटीपाशी आले की रस्ता सोडायचे आणि शेजारच्या उसात शिरून, गाजरगवत तुडवत, काटे चुकवत पलीकडे निघायचे. बाजूला सहाशे फूट गुळगुळीत काँक्रीट, आणि सर पॉलिश केलेल्या बुटांनी ढेकळांतून. पोरं हसायची. हसोत बापडी, सर म्हणायचे, तत्त्व म्हटलं की बूट मळायचेच.

आणि आता ह्याच पीटरच्या मुलाशी लग्न करायचं म्हणून लेकीने स्वतः अर्ज भरून सेक्रेटरीच्या, म्हणजे बापाच्याच, हातात ठेवला होता. अर्ज नियमात बसत होता. नियमात बसणारा अर्ज सर अडवत नसत. हेच तर दुखणं होतं.

त्या रविवारी जेवताना आराधनाने विषय काढला. ती सावेडीला एका शाळेत शिकवते, शनिवार-रविवार घरी येते, आणि बापावर गेल्यामुळे प्रश्न ओळीने विचारते.

"पप्पा, जॉयमध्ये काही खोट आहे?"

"नाही. सोन्यासारखा मुलगा आहे. माझ्याच हाताखाली शिकलाय."

"माझं वय कमी आहे?"

"अठ्ठावीस म्हणजे कमी कसं?"

"मग आज इतका वेळ कोणाची वाट बघत होतात?"

सरांनी घास ताटात ठेवला. "तिसऱ्या रविवारी कळेल. मी सूचना वाचणार, ते माझं काम आहे. हरकत विचारणार. आणि मग सेक्रेटरी म्हणून नव्हे, मंडळीचा सभासद म्हणून माझी हरकत सांगणार. ज्याने आपल्या लोकांचा अपमान फेटा बांधून ऐकून घेतला, त्याच्या घरात मी माझ्या तोंडाने मुलगी देणार नाही. तुला कोर्टात जाऊन लग्न करायचं असेल तर कर. मी आडवा येणार नाही."

आराधना थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. "मी कोर्टात जाणार नाही. मी काही चोरी करत नाहीये. तुम्ही हरकत घेतलीत तर मी थांबेन. वर्षभर, पाच वर्षं, कितीही. फक्त मी का थांबले हे विचारायला बायका येतील ना, त्यांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

रडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. रडणाऱ्याला समजावता येतं. ती ताट उचलून मोरीकडे गेली आणि नळ मोठा सोडून भांडी घासत बसली.

सरांनी आपला निश्चय आणखी दोघांना सांगितला. गावात एखादी गोष्ट दोघांना सांगितली की दवंडी पिटायची गरज राहत नाही. दुसऱ्या रविवारी चर्च भरून गेलं. नाताळाशिवाय ज्यांची तोंडं दिसत नाहीत तेही इस्त्रीचे कपडे घालून हजर. सरांनी सूचना वाचली, हरकत विचारली आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. चारला पुढच्या बाकावरची छबूबाई बाकाला धरून उभी राहिली.

सरांचं मोजणं तिथेच थांबलं.

"सर," छबूबाई म्हणाली, "पंख्यापायी काय बी ऐकू येत न्हाई. कोनाचं लगीन म्हनला?"

चर्च हसलं. सरांनी तीच सूचना पुन्हा, जरा वरच्या पट्टीत वाचली. पण घरी येईपर्यंत ते छबूबाईच्या उठण्याचाच विचार करत होते. कोणीतरी उठावं म्हणून ज्यांनी वीस आकडे मोजले, त्यांना कोणी खरंच उठल्यावर आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीती, आणि छबूबाई बसली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. हे काही सरांच्या गणितात बसेना. पण बोललेला शब्द गिळायचा कसा, हे हेडमास्तरांना कोणी शिकवलेलं नसतं. तो आठवडा त्यांनी हरकतीचा मजकूर लिहिण्यात घालवला. पहिल्यांदा पान भरलं. मग अर्धं पान राहिलं. शुक्रवारी बघतात तर चारच ओळी उरल्या होत्या, आणि त्या चारांत जॉय आणि आराधना कुठेच नव्हते.

शनिवारी सकाळी सर फुलं घेऊन निघाले. पाटीपाशी वळून उसात शिरले, तर समोर रंगनाथ उभा. ऊस त्याचाच. एका हातात विळा, आणि चेहरा असा, की चार दिवस पाठ केलेलं आज म्हणायचंच आहे.

"सर, रागावनार नसाल तर एक बोलू?"

"बोल की."

"तुमी माझ्या उसातनं जायचं बंद करा."

सरांना नीट कळलं नाही. "का रे?"

"का म्हंजे? दर शनवारी तुमी जाता. तुमच्या मागं पोरं जात्यात, पोरांमागं शेरडं, शेरडांमागं कुत्री. ह्ये बघा जरा." त्याने विळ्याने दाखवलं. "अख्खी सरी तुडवली. तुमचं तत्त्व हाय, आपल्याला मान्य हाय. पन मोडतोय ऊस माझा."

सरांनी खाली पाहिलं. दीड वर्ष ते इथून चालत होते, पण मान वर करून. पायांखाली चांगली दोन हात रुंद वाट पडली होती आणि दोन्ही बाजूंना ऊस आडवा झाला होता. ते ओशाळले. ओशाळलेला मास्तर आधी चिडतो.

"मी त्या रस्त्यावर पाय ठेवणार नाही, रंगनाथ. तो कोणी केलाय तुला माहीत आहे."

"मला न्हाई तर कोनाला माहीत? माझ्या रानातनं गेलाय त्यो." रंगनाथने विळा खांद्यावर टाकला. "आदी हितं सहा फुटाची पाणंद हुती. गाडी जायला बारा फूट पायजे. पीटर माझ्याकडं अकरा खेपा आला, सर. धा येळा मी न्हाई म्हनलो. रान कोन फुकट देतं? अकराव्या येळी म्हनला, रंगनाथ, मैताची पेटी मी चिखलात पाठीवर धरलीय, आता दुसरी धरायला माझ्यात गुडघा ऱ्हायला न्हाई. मग दिलं सहा फूट. आप्पाला न्हाई दिलं, त्याला दिलं. पाटीवर नाव कोनाचं का असंना."

"आणि मत? तेही आप्पालाच घातलं असशील."

"मत वकिलाला. आप्पाचं त्ये भाषान मला बी न्हाई पटलं."

"मग पीटरशी बोलतोस कसा?"

रंगनाथ सरांकडे बघतच राहिला. एवढ्या शिकलेल्या माणसाने असा प्रश्न विचारावा, ह्याचं त्याला नवल वाटलं असावं. "त्यात काय? माझा कांदा त्याच्याच टेम्पोतनं राहात्याला जातो की."

तो निघून गेला. सर फुलं धरून उसात उभे राहिले. दीड वर्षात त्यांनी पीटरला मनात शेकडो प्रश्न घातले होते, उत्तरंही आपणच लिहिली होती आणि आपणच शून्य दिलं होतं. त्या पेपरात रंगनाथ कुठे नव्हता, त्याचं सहा फूट रान नव्हतं. आपल्या चांगुलपणाची झळ आपल्यालाच लागतेय, अशी त्यांची समजूत होती. ती लागत होती रंगनाथच्या उसाला, आणि उद्या दहाच्या सुमाराला आराधनाला लागणार होती.

ते उसातून बाहेर आले आणि काँक्रीटवर चालायला लागले. काही झालं नाही. रस्ता चांगला होता. दयापाशी फुलं ठेवून ते घरी न जाता पीटरच्या घराकडे वळले.

पीटर अंगणात उलट्या क्रेटवर बसून टेम्पोच्या चाकाचे नट आवळत होता. त्याने मान वर करून पाहिलं, दुसरं क्रेट पायाने पुढे ढकललं आणि म्हणाला, "बस."

सर बसले नाहीत. "तू का उठला नाहीस?"

पीटरने पाना खाली ठेवला. "दीड वर्स लागलं तुला इचारायला."

"विचारलं नव्हतं मी?"

"न्हाई. तू निकाल सांगितला हुता. इचारलं न्हवतंस."

सर बसले.

"रस्त्याचं चारशे फूट झालं हुतं," पीटर म्हणाला. "दोनशे ऱ्हायलं हुतं. म्हनलं, मी आत्ता उठलो तर उद्या खडीचा ट्रक माघारी जाईल. म्हनून बसलो. लोकं हसली तवा वाटलं, ह्यो फेटा काढावा आन तोंड झाकावं. घरी येऊन जेवलो न्हाई. सकाळी तुझ्याकडं आलो ते हेच इचारायला, की सॅम्या, माझं चुकलं का रं? तर तू दारातच दुकान काढलंस."

"तेव्हाच बोलायचं होतंस."

"कसं बोलू? तुला काय बी सांगितलं की तू फळ्यावर लिवतोस."

सर म्हणाले, आणि हळू आवाजात म्हणाले, "पीटर, ते चूकच होतं. मी आजही तेच म्हणेन. रस्त्यासाठीसुद्धा असलं ऐकून घ्यायचं नसतं. आज एकाने ऐकलं की उद्या दहा जण बोलायला लागतात."

"आसंल. तुझं खरं बी आसंल. पन वैनीच्या माघारी आपल्यातले चार जन गेले. भर पावसात गेले. त्यांच्या पेट्या काय तुझ्या स्वाभिमानानं उचलल्या असत्या?"

दोघं चाकाकडे बघत बसले. पीटर खाली बघूनच पुढे बोलला.

"एक सांगतो. वर चढून तू एकटाच बसला न्हवतास. तू उसातनं जायचास ना, मी टेम्पोतनं बघायचो आन मनात म्हनायचो, बघा, नुसता तोंडाचा मानूस. ह्यानं जन्मात कोनाच्या दारात हात पसरला न्हाई, म्हनून ह्याचे हात सोच्छ. चिखलात उतरतो आमी, म्हंजे खरे आमी. लई गोड वाटायचं, सॅम्या. खोटं कशाला बोलू? लई म्हंजे लईच गोड वाटायचं."

सर हसले. आधी नाकातून, मग तोंडाने, मग कोट हलायला लागला. कारण ती गोडी त्यांना पुरती ठाऊक होती. दीड वर्ष तेही तोच गूळ खात होते. पीटरलाही हसू फुटलं. दोघं म्हातारे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि कशाला हसताय म्हणून शेजारी डोकावले तर सांगता येईना.

"पुढच्या वेळी पुन्हा आप्पालाच मत देणार?" सरांनी डोळे पुसत विचारलं.

"काम आसंल तर देईन. पन तुला सांगून देईन."

"मी भांडेन."

"भांड की. घरात येऊन भांड." पीटरने पाना उचलला, पुन्हा ठेवला. "आन उद्याचं काय? गावात बोलत्यात, तू उठनार."

"उठणार होतो," सर म्हणाले, आणि ते भूतकाळात बोलता आलं म्हणून त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी घोटभर पाणीही मागून घेतलं. दाराआडून सगळं ऐकत असलेला जॉय तांब्या घेऊन बाहेर येताना भिंतीला धडकला.

तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उपासना झाली, सर उठले, कागद उघडला. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागे घ्यायचं, हेही सरांचंच तत्त्व होतं, आणि ते आज त्यांच्याच मानगुटीवर बसलं होतं.

"सूचनेच्या आधी थोडं," सर म्हणाले. "मी काही जणांजवळ बोललो होतो, की आज मी हरकत घेणार. ती हरकत मुलाबद्दल नव्हती, मुलीबद्दल नव्हती. मी एका माणसापेक्षा चांगला आहे, एवढंच मला सांगायचं होतं. असली हरकत नियमात बसत नाही. ती मी मागे घेतो." त्यांनी चष्मा सारखा केला. "राजकारणातलं माझं मत मागे घेत नाही."

"नका घेऊ!" तिसऱ्या बाकावरून पीटर ओरडला, आणि आठवडाभर श्वास रोखून धरलेली सगळी मंडळी एकदम हसली.

मग सरांनी सूचना वाचली. पाढे म्हणणाऱ्या पोरासारखी भराभरा वाचली, आणि तेवढ्याच वेगाने महिला मंडळाच्या सभेवर गेले.

"सर," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "हरकत विचारायची राहिली."

सर दचकले. सेक्रेटरी झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी मागे जाऊन विचारलं, कोणाची रास्त हरकत असल्यास. आवाजातला खणखणीतपणा गेला होता. एक. कोणाला खरंच काही म्हणायचं असेल तर त्याला वेळ द्यायलाच हवा. दोन. तीन. आपण काय करणार होतो, हे सरांना आत्ता, ह्या शांततेत, लख्ख दिसलं. ह्याच जागी उभं राहून ते लेकीची पाच वर्षं घेणार होते. चार. आराधना दुसऱ्या बाकावरून सरळ त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या दिवशी जेवताना बघत होती तसं नव्हे. पाच.

कोणी उठलं नाही.

सरांना रडू आलं. भर चर्चमध्ये, कोटासकट. ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. वाचलो, एवढंच त्यांच्या मनात होतं, देवा, वाचलो. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि भिजल्या डोळ्यांनी पुढची ओळ वाचली, की महिला मंडळाची सभा बुधवारी चार वाजता आहे.

"गुरवारी!" बायकांच्या बाजूने सात-आठ जणी एकदम ओरडल्या.

सरांनी कागद जवळ धरून पाहिला. गुरुवारच होता.

"माझं चुकलं," सर म्हणाले, आणि इतकं सोपं असतं हे, म्हणून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.